हळदीतला लटकता कॉर्ड

बेंजो पार्टीतला गिटारवाला म्हणजे जेवणाच्या ताटातली लिंबाची फोड. वाढलेली असली की ताट शोभतं, आणि वाढायची राहिली म्हणून कोणी पंगतीतून उठून जात नाही. ही लिंबाची नोकरी मी ऐन उमेदीपासून केली आणि साठी ओलांडली तरी अजून करतो आहे. आमच्या टेंपोवर माझी जागा ठरलेली आहे, डाव्या बाजूच्या स्पीकरला टेकून. लग्नाच्या फोटोंत मी हमखास येतो, कारण गिटार फोटोत छान दिसते. वाजवलेलं मात्र कित्येक वर्षं माझं मलाच ऐकू येत नव्हतं.

कर्जत-खालापूरच्या बाहेरच्या वाचकांना आधी आमचा बेंजो काय असतो ते सांगायला हवं. लांबट लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा आणि तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. एका हातानं बटणं दाबायची, दुसऱ्या हातानं तारा छेडायच्या. विजेला जोडला की त्याचा आवाज ओढा ओलांडून पलीकडच्या वाडीत जातो आणि तिथली पोरंही न बोलावता हळदीला येतात. आमच्या पार्टीत बेंजो वाजवतो तो दामूदादा. तोच आमचा मालक, मास्तर आणि भांडण झालं तर न्यायाधीश. त्याच्याभोवती दोन ढोल, एक ताशा, एक पॅड, एक कीबोर्ड आणि शोभेला मी.

दामूदादाच्या पार्टीचा कायदा एकच आहे, गाणं तुटता कामा नये. हळदीला नाचणारे लोक एकदा रंगात आले की त्यांना थांबा चालत नाही. एक गाणं संपतासंपता दुसरं त्याच्या पोटातून निघालं पाहिजे. याला आम्ही जोड म्हणतो. सगळी कसरत त्या जोडात आहे, कारण प्रत्येक गाणं आपापल्या पट्टीत बसलेलं असतं. पट्टी म्हणजे गाण्याचा सा कुठे धरला आहे ते. आम्ही त्या हार्मोनियमच्या पट्ट्यांवरून ओळखतो, पांढरी चार, काळी एक वगैरे. काळी एकमधलं गाणं संपवून एकदम पांढरी चारमधलं सुरू केलं की ऐकणाऱ्याला मध्येच कोणीतरी खुर्ची ओढून घेतल्यासारखं वाटतं. त्यावर आमचा जुना उपाय म्हणजे ढोलवाल्यांनी जोरात तोडा मारायचा आणि त्या गदारोळात दामूदादानं गुपचूप पट्टी बदलून घ्यायची. रस्त्यात खड्डा आला की हॉर्न वाजवावा तसला हा उपाय, पण वर्षानुवर्षं चालला.

या कायद्यापायी आम्ही काय काय केलं आहे! नेरळकडच्या एका नवरदेवाला वरातीसाठी माथेरानचाच घोडा हवा होता. घोडा आला, देखणा होता, स्वभावानंही गरीब. पण त्याचा जन्म पर्यटकांना फिरवण्यात गेलेला. वरातीत तो थोडं अंतर चालायचा आणि थांबायचा. त्याला वाटायचं पॉइंट आला, आता ही मंडळी उतरून दरी बघतील, फोटो काढतील. मालक लगाम ओढून दमला. घोडा थांबला की वरात थांबायची, पण गाणं थांबवायची सोय नव्हती, म्हणून आम्ही तेच कडवं पुन्हा पुन्हा वाजवत राहायचो. त्या रात्रीची जेवणं पार उशिरा झाली, पण गाणं एकदाही तुटलं नाही. नवरदेवाच्या मामानं दामूदादाला मिठी मारली आणि घोड्यालाही मारली.

गाणं तुटायचं ते एकाच ठिकाणी, आणि तिथे आमचा काही इलाज चालत नव्हता. ते ठिकाण म्हणजे हौसाआत्या.

हौसाआत्या माझ्या वडिलांची चुलत बहीण. खालापूरच्या पलीकडे डोंगराच्या कुशीत तिचं गाव आहे आणि त्या सगळ्या पट्ट्यात ती धवलारीण म्हणून ओळखली जाते. धवलारीण म्हणजे लग्नात धवळे गाणारी बाई. भटजींचे मंत्र त्यांच्या जागी, पण हळद दळण्यापासून नवरीला न्हाऊ घालण्यापर्यंत प्रत्येक विधीला धवलारणीचं गाणं लागतं. ती गाते तेव्हा साथीला वाद्य नसतं. सूरही तिचा ती धरते, कुठली पट्टी वगैरे तिला कोणी विचारलेलं नाही. पूर्वी सगळा मांडव मांडी घालून ऐकायचा.

आता तसं राहिलं नाही. हळद लागायची वेळ झाली की आम्ही वाजवायचं थांबवायचो, आत्या गायला लागायची आणि नाचून घामाघूम झालेली पोरं पाय हलवत उभी राहायची. दोन-चार ओळी झाल्या की मागून आवाज यायचा, "आजी, उरका ना लवकर!" एखादा शिटी मारायचा. आत्या निम्मी कडवी गिळून टाकायची आणि पदर सावरून उठायची. मग आम्ही ढोल बडवून थंडावलेला मांडव पुन्हा तापवायचो. वाजवता वाजवता मला ती स्वयंपाकाच्या चुलीकडे जाताना दिसायची. फार वाईट वाटायचं. पण तिच्या गाण्याची पट्टी कुठे, आमची कुठे, मधला पूल बांधायचा कसा, हे ना मला माहीत होतं ना दामूदादाला.

तो पूल मला सापडला जेवणाच्या टेबलाजवळ. कोंडाणे लेण्यांच्या वाटेवरच्या एका रिसॉर्टचा मॅनेजर आमच्याच गावचा पोरगा. एका रविवारी सकाळी त्याचा फोन आला, मुंबईचा गिटारवाला आजारी पडला आहे, दुपारी जेवणाच्या वेळी जॅझचा कार्यक्रम आहे, तुम्ही या.

"जॅझ म्हणजे काय रं?" मी विचारलं.

"काका, हळू वाजवायचं. लोक जेवत असतात."

ही व्याख्या मला पटली आणि मी गेलो. गाणारी मुलगी होती सायली, कर्जतचीच, मुंबईत राहून हे संगीत रीतसर शिकून आलेली. तिनं मला कॉर्डांचा, म्हणजे एकदम छेडायच्या सुरांच्या जुळण्यांचा, कागद दिला. त्यातले ओळखीचे तेवढे मी धरले, अनोळखी दिसले तिथे हात नुसता फिरवला. पहिलं गाणं बरं गेलं. शेवटचा सूर तिनं डोळे मिटून लांबवला, लोकांनी टाळ्या वाजवायला चमचे खाली ठेवले, आणि तेवढ्यात मी सवयीनं धाडकन पुढचं गाणं सुरू केलं.

तिनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. पण पोरगी हुशार, तिनं गाणं पकडलं. ते संपत आलं तसं मी तिसऱ्यात शिरलो. ड्रमवाला हसू दाबत होता. लोकांना टाळी वाजवायला जागाच मिळेना, आणि तिला पाण्याचा घोट घ्यायला. तिसऱ्याच्या शेवटी तिनं सरळ माझ्या तारांवर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "काका, इथे थांबायचं असतं."

"थांबलो तर लोक जातील ना."

"काका, ते जेवतायत. कुठे जाणार आहेत?"

कार्यक्रम संपल्यावर आम्ही दोघं मागच्या अंगणात ताटं घेऊन बसलो. ती रागावली असेल असं मला वाटलं होतं, पण तिला कुतूहल होतं. मी तिला जोड समजावून सांगितला. घोड्याची गोष्ट ऐकून तिला ठसका लागला. मग तिनं विचारलं, "पण पट्टी बदलताना तुम्ही काय वाजवता?"

"मी काही नाही वाजवत. ढोल वाजतो."

तिनं हात धुतले, माझी गिटार मांडीवर घेतली आणि मधल्या तीन तारांवर तीन बोटं ठेवून एक कॉर्ड छेडला. मी घास हातात धरून ऐकत राहिलो. तो आवाज गोड नव्हता, कडूही नव्हता. पाऊल उचललं आहे आणि जमिनीवर ठेवायचं बाकी आहे, असा काहीतरी तो होता. "याला ऑगमेंटेड म्हणतात," ती म्हणाली. "आता हा जिथे नेईन तिथे जाईल." आणि तिनं खरोखरच त्याच कॉर्डातून तीन वेगवेगळ्या पट्ट्यांत उतरून दाखवलं, दर वेळी अगदी घरी आल्यासारखं. ढोल नाही, तोडा नाही. मी ताट बाजूला ठेवलं आणि तिला म्हटलं, बाई, मला हे शिकव.

सायलीचा क्लास कर्जतला पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत भरतो. खाली गिरणी सुरू झाली की वर जमीन थरथरते आणि सगळ्या खोलीत एक सूर भरून राहतो. पांढरी पाचच्या किंचित वर असलेला तो गिरणीचा सूर तिथल्या सगळ्या मुलांच्या कानात इतका मुरला आहे की मोटार बंद पडली की त्यांना गिटार बेसूर लागल्यासारखी वाटते. माझे सहाध्यायी म्हणजे शाळेच्या गणवेशातली मुलं. त्यांच्या मापाच्या प्लास्टिकच्या खुर्चीत मी बसायचो आणि उठताना खुर्ची माझ्याबरोबर उठायची. पिठाचे डबे घेऊन आलेल्या बाया खालून विचारायच्या, "वर कोनाचे बाबा बसलेत?" मुलं ओरडून सांगायची, "बाबा नाय, ते पण शिकायला आलेत!"

शिकणं सोपं नव्हतं. ज्यांना गाण्यातलं थोडं कळतं त्यांच्यासाठी सांगतो. सा, ग आणि प एकत्र वाजवले की आपला साधा, सरळ, समाधानी कॉर्ड होतो. त्यातल्या प ला अर्धी पायरी वर ढकलला की झाला ऑगमेंटेड. ढकलायचा फक्त अर्धी पायरी, पण सगळं घर हलतं. माझी बोटं आयुष्यभर समाधानी कॉर्डांवर बसलेली, ती आपोआप जुन्या जागी परत जायची. त्यावर सायली आणखी एकेक सूर चढवायची, आधी सेव्हन्थ, मग नाइन्थ, आणि प्रत्येक मजल्यावर माझी करंगळी कमी पडायची. घरी रियाज करू लागलो तर माझी बायको सुमन स्वयंपाकघरातून म्हणायची, "आवो, ते एकदा काय ते पुरं करा! ऐकून ऐकून मला शिंक आल्यासारखं होतंय आनि शिंक येत नाय." मी तिला सांगितलं की याहून नेमकं वर्णन सायलीच्या पुस्तकातही नसेल. ती खूश झाली, पण मला बाहेरच्या ओट्यावर जाऊन वाजवायला लावलं.

मग एक दिवस सायलीनं मला त्या कॉर्डाची गंमत सांगितली. तीन बोटांचा तो ठसा जसाच्या तसा चार फ्रेट, म्हणजे गिटारच्या दांडीवरची चार घरं, वर सरकवला, तर सूर तेच तिन्ही येतात, फक्त जागा बदलून. आणखी चार फ्रेट वर, पुन्हा तेच. म्हणजे यात मोठा भाऊ, धाकटा भाऊ नाही. तिन्ही सूर सारख्या अंतरावर बसलेले, कोणीही स्वतःला सा म्हणवून घ्यावं. म्हणून तर त्यातून तीन वाटा निघतात. असे ऑगमेंटेड जगात मोजून चार आहेत. चार दरवाजे, प्रत्येकातून तीन वाटा, की झाल्या बाराच्या बारा पट्ट्या.

क्लास सुटल्यावर मी स्टेशनच्या पुलावर येऊन उभा राहिलो. कर्जतला एक रूळ खोपोलीला जातो, एक ठाकुरवाडीवरून घाट चढून पुण्याला, एक पनवेलला. जन्म गेला या स्टेशनात ये-जा करण्यात, पण त्या दिवशी रूळ बघून मला इतकं हसू आलं की शेजारच्या बाईनं पिशवी जवळ घेतली. आयुष्यभर मी ज्या गावी राहिलो ते गावच मुळी ऑगमेंटेड होतं.

पार्टीत हे सगळं सांगायचं म्हणजे वेगळंच प्रकरण. दामूदादानं कॉर्ड ऐकला आणि तोंड वाकडं केलं. "सूर लटकलाय तुजा. खाली उतरव त्याला."

"लटकायसाठीच आहे तो, दादा."

"माज्या टेंपोवर काय लटकनार नाय."

तरी मी चौक गावाच्या बाजूच्या एका हळदीत न सांगता वाजवून पाहिला. गाणं संपत आलं, मी कॉर्ड धरला, आणि आनंदाच्या भरात जरा जास्तच धरला. नाचणारे हात वर करून जागच्या जागी उभे राहिले. जनरेटरवाला धावत आला, त्याला वाटलं करंट कमी पडला. यजमानांनी स्पीकरला थाप मारून पाहिली. एका म्हाताऱ्या बाबांनी मला जवळ बोलावून दयेनं सांगितलं की बाळा, तुझी पेटी खराब झाली आहे, माझा मेहुणा दुरुस्त करतो. परतीच्या वाटेवर दामूदादानं मला मागे ढोलांमध्ये बसवलं.

पण कान त्याचा पक्का. काही दिवसांनी सरावाच्या वेळी तो आपणहून म्हणाला, "जनाभाऊ, ते लटकतं वाजव बघू." मी वाजवलं. त्यानं बेंजोची बटणं चाचपत काळी एकमधून वाट काढली आणि अलगद पांढरी चारमध्ये उतरला. ढोलवाल्यांच्या काठ्या हवेतच राहिल्या. दामूदादानं परत करून पाहिलं. आणि पुढच्या हळदीत त्यानं ते केलं, एकही तोडा न मारता. नाचणाऱ्यांतलं एक पाऊलसुद्धा चुकलं नाही. कार्यक्रम संपल्यावर तो लहान मुलासारखा माझा दंड धरून हलवत होता. "कोनाला कललंच नाय रं! एका मानसाला सुदा कललं नाय!" आमच्या धंद्यात यापेक्षा मोठं बक्षीस नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो. हौसाआत्याच्या नातीचं, अंकिताचं लग्न ठरलं. ज्या बाईनं सगळ्या तालुक्याच्या हळदी गायल्या, तिच्या घरची हळद. पण घरच्या पोरांनी डीजे ठरवला होता. आम्हाला बोलावलं ते सुरुवातीच्या वेळासाठी, जुन्या मंडळींचं मन राखायला. आमच्या मांडवांत आता दिवसाउजेडीच सुरुवात करावी लागते, कारण रात्री आवाज लवकर बंद करायचा असतो. मी चार वाजता पोचलो तेव्हा आत्या मागच्या दारी तांदूळ निवडत बसलेली होती. तांदूळ निवडायला दुसऱ्या बाया होत्या. ती उगीच बसली होती.

"आत्या, तयार नाय झालीस?"

"कशाला? पोरं म्हनली, आजी तू आत बसून गा, माईक नको, येल जातो." तिनं ताटातला खडा काढून लांब फेकला. "मी नाय गानार आता. दुसऱ्याच्या घरी उरकून घेतलं, कदी रडले नाय. माज्या अंकीच्या हलदीत मला उरका म्हनले ना, तर मला नाय सोसनार."

 मग म्हटलं, "आज तू गा. आमी तुज्यामागं वाजवतो."

"माज्यामागं कुनी वाजवलंय कदी? मी कुठं जाते गाताना ते मलाच नाय ठाव."

"तू कुठं पन जा."

 ती ताट बाजूला सारून उठली आणि लुगडं बदलायला आत गेली.  मी बोलून तर बसलो होतो, आणि तिचं सगळं त्या तीन बोटांवर आलं होतं.

डीजेवाला रोशन हा आत्याच्या दिराचा नातू. त्याला मी जाऊन सांगितलं की हळद लागताना माईक आजीला द्यायचा आहे. तो म्हणाला, "काका, पोरं थांबतील काय?" मी म्हटलं, "आपण त्यांना थांबायला सांगायचंच नाही."

हळद लागायची वेळ झाली. आम्ही काळी एकमध्ये दणक्यात होतो, मांडव भरून नाचत होता. अंकिता पाटावर बसली. मी दामूदादाकडे पाहिलं, त्यानं मान हलवली. ढोल एकदम न तोडता हळूहळू विरत गेले, आणि मी माझा कॉर्ड धरला. धरून एकेक तार सावकाश छेडत राहिलो. तोच आवाज, पाऊल उचललेलं, ठेवायचं बाकी. पोरांचे हात वर होते ते वरच राहिले. शिटी कोणी मारली नाही, कारण काही संपलेलं नव्हतंच.

आत्यानं माईक दोन्ही हातांत धरला आणि तिच्या नेहमीच्या दबक्या आवाजात सुरुवात केली, "हलद दलीते गं, मांडवाच्या दारी..." तिची नेहमीची पांढरी चार. तिथेच येणार हे मला माहीत होतं, मी अलगद तिच्याखाली उतरलो. दुसरी ओळ झाली. आणि मग ती थांबली. तिनं वर पाहिलं, अंकिताचं पिवळं झालेलं तोंड पाहिलं, आणि तिसरी ओळ राहूनच गेली.

मी परत तो कॉर्ड धरला. दुसरं माझ्याकडे होतं काय? एवढा मोठा मांडव, आणि त्यात फक्त माझ्या तीन तारा. आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांना माझी गिटार ऐकू येत होती आणि माझी बोटं घामानं घसरत होती. आता कोणी उरका म्हणालं तर सगळं संपलं. समोरच्या एका पोरानं तोंड उघडलं. आणि ते उघडंच राहिलं. तोसुद्धा आजीकडेच बघत होता.

आत्यानं डोळे पुसले. माईकवरचा एक हात काढून तो कमरेवर ठेवला आणि उठली ती एकदम वर, मोकळ्या गळ्यानं, पांढरी सहाला! हा आवाज मी लहानपणी ऐकला होता, मांडवात तिच्यापुढे मांडी घालून. पुढे इतकी वर्षं उरका उरका करून तो कुठे दडपून ठेवला होता, देव जाणे. आणि माझ्या बोटांना काही करावंच लागलं नाही. जो दरवाजा मी पांढरी चारसाठी उघडा ठेवला होता, तोच पांढरी सहालाही उघडतो. मी तिच्याबरोबर घरी गेलो.

मग तिनं एकही कडवं गिळलं नाही. हळद कोणी दळली, कोणी आणली, मामानं काय दिलं, मावशीनं काय लपवलं, सगळं आलं. बाया तिच्यामागे धरू लागल्या. पोरं आधी नुसती डुलली, मग त्यांच्या टाळ्या सुरू झाल्या. सगळ्यांत शेवटी तिनं सूर लांबवला, मी तिसऱ्यांदा तोच कॉर्ड धरला, दामूदादानं माझ्याकडे डोळे मोठे करून पाहिलं आणि तिसऱ्या वाटेनं काळी एकमध्ये असा उतरला की ढोल कधी सुरू झाले ते ढोलवाल्यांनाही कळलं नसेल. मांडव फुटायचा बाकी राहिला. अंकिता पाटावरून उठून हळदीच्या अंगानंच नाचली, आणि आत्यालाही तिनं ओढलं. पिवळे हात, पिवळे पदर, पिवळा माईक. रोशन गळ्यात हेडफोन अडकवून टाळ्या पिटत होता. मी त्याला विचारलं, तुझं कधी लावतोस? तो म्हणाला, "लावतो ओ काका, घाई हाय का काय?"

एक खंत आहे, ती सांगून टाकतो. हा कॉर्ड मला तीस वर्षांपूर्वी भेटला असता तर आमच्या भागातल्या कितीतरी धवलारणी पोटभर गाऊन गेल्या असत्या. त्यातल्या पुष्कळ जणी आता नाहीत. पण सायलीला हे बोललो तर ती म्हणाली की काका, आत्याबाईंना क्लासमध्ये घेऊन या, मला मुलांना त्यांचं गाणं ऐकवायचं आहे, फक्त गिरणी बंद असेल त्या वेळी आणा. तेही करायचं आहे.

त्या संध्याकाळी जेवणं सुरू झाली तेव्हा मी स्पीकरला टेकून गिटार पुसत होतो. आत्या माझ्यासाठी ताट घेऊन आली. ताटात लिंबाची फोड होती. माझ्यासमोर बसून ती माझ्या डाव्या हाताकडे बघत राहिली.

"ते तीन बोटांचं काय वाजवत व्हतास रं, मी थांबले तवा?"

"त्याला ऑगमेंटेड म्हणतात, आत्या."

"काय पन म्हनू दे." तिनं हळदीनं पिवळ्या झालेल्या बोटांनी माझी बोटं धरली. "जन्या, आजवर सगले माजं गानं संपायची वाट बगायचे. सुरू व्हायची वाट आज पयल्यांदा कुनीतरी बगितली."

मी जेवलो, पण गिटार खोळीत घातली नाही. आत्याला अजून एक गाणं गायचं होतं.